क्रिकेटचा आवाज : बॉबी तल्यारखान

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या खरवईत आता घरोघरी टीव्ही आहे. आमच्याही घरी आहे. पण आमच्या घरी सामना पाहणाऱ्यांपेक्षा तो ऐकणाऱ्यालाच क्रिकेटचे वेड अधिक! माझ्या आजोबांची नजर काचबिंदूने गेली, त्याला सहा वर्षे झाली. सामना सुरू झाला की ते टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसतात आणि दर दोन मिनिटांनी विचारतात, धावा किती झाल्या, गोलंदाजी कोण टाकतोय, चेंडू गेला कुठे? टीव्हीवरचे समालोचक हे क्वचितच सांगतात. धावसंख्या पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेली असते, चेंडू कुठे गेला ते सर्वांना दिसतच असते. मग समालोचक आपसांत गप्पा मारतात, जुन्या दौऱ्यांचे किस्से सांगतात, आणि षटकाचा शेवटचा चेंडू पडतो न पडतो तोच जाहिरात सुरू होते. डोळे असणाऱ्याचे यात फारसे बिघडत नाही. आजोबांचे मात्र बिघडते.

याबद्दल मी टीव्हीवाल्यांना पुष्कळ नावे ठेवीत असे. पण गेल्या हिवाळ्यात गावात टेनिस बॉलचे सामने झाले आणि कॉलेजात जाणारा मुलगा म्हणून माईक माझ्या हाती आला. आमच्या घरातला कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे मला बोलता येते, असा गावाचा समज आहे. दोन दिवस मी घसा बसेपर्यंत ओरडलो. बक्षिसे देणाऱ्यांची नावे घेतली, षटकार गेला की आरोळी ठोकली. कर्ण्याचा आवाज आमच्या ओटीपर्यंत येत होता. रात्री घरी आल्यावर आजोबांनी मला दोनच गोष्टी विचारल्या : शेवटच्या षटकात किती धावा हव्या होत्या, आणि बाद कोण झाला? दोन दिवस अखंड बोलून मी नेमके तेवढेच सांगितले नव्हते. मला माझीच लाज वाटली.

ही हकीकत मी आमच्या इतिहासाच्या सरांना सांगितली, तेव्हा त्यांनी एक नाव उच्चारले : बॉबी तल्यारखान. हे नाव मी तोवर ऐकलेले नव्हते. माझ्या वर्गातल्या कोणीही ऐकलेले नव्हते. म्हणून हा लेख.

अर्देशर फर्दोरजी सोहराबजी तल्यारखान हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १८९७ चा, एका पारशी घराण्यातला. मुंबईत क्रिकेटचे बी खोलवर रुजवले ते पारशी समाजाने. १८८६ साली इंग्लंडला गेलेला पहिला हिंदी संघही पारशांचाच होता. तेव्हा एखाद्या पारशी गृहस्थाला क्रिकेटचा नाद असावा यात नवल नाही. पण तल्यारखान प्रसिद्धीस आले ते बॅट हातात धरून नव्हे, तर मायक्रोफोन धरून.

त्या काळाची कल्पना आज आपल्याला येणे कठीण आहे. मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले १९२७ साली. ऑल इंडिया रेडिओ हे नावसुद्धा १९३६ पर्यंत नव्हते. मुंबईतले सर्वांत मोठे क्रिकेट म्हणजे चौरंगी सामने : हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे चार संघ. ज्याला मैदानावर जाता येई त्याने सामना पाहायचा. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचायचा. १९३४ साली मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि मुसलमान यांच्यात चौरंगी सामना झाला. त्याचे धावते वर्णन तल्यारखान यांनी रेडिओवरून केले. भारतातील क्रिकेट समालोचनाचा आरंभ या सामन्यापासून मानला जातो.

त्यांच्यापुढे येथला कोणताही कित्ता नव्हता. ज्याला काहीच दिसत नाही अशा माणसाला मैदान दाखवायचे कसे, हे त्यांचे त्यांनाच ठरवावे लागले. गोलंदाज कोणत्या बाजूने येतो, क्षेत्ररक्षक कुठे उभे आहेत, फलंदाज पुढे सरसावला की मागे गेला, चेंडू कोणाच्या हाती लागला, धावफलकावर आकडा किती, हे सारे शब्दांत आणले नाही तर श्रोत्याच्या पदरी काहीच पडत नाही. टीव्हीवर गप्प बसणारा समालोचक शहाणा ठरू शकतो, कारण चित्र बोलत असते. रेडिओवर मात्र समालोचक गप्प बसला की मैदानच नाहीसे होते. तल्यारखान दिवसभर एकटे बोलत. उपाहार आणि चहापान एवढीच काय ती विश्रांती. आवाज भरदार, सांगण्यासारख्या गोष्टींचा साठा मोठा आणि मते ठाम. साडेपाच-सहा तास एकट्याने, न अडखळता, समोर घडणाऱ्या गोष्टीच्या मागे धावत राहणे म्हणजे काय, ते दोन दिवस माईक धरल्यावर मला थोडेफार कळले आहे.

१९३७ पासून चौरंगीची पंचरंगी झाली आणि ब्रेबर्न स्टेडियमवर या सामन्यांना तुफान गर्दी होऊ लागली. रेडिओमुळे त्यांची गोडी मुंबईबाहेरही पसरली. त्या वेळी समालोचक म्हणून तल्यारखान यांचे नाव सर्वांच्या तोंडी होते. परंतु धर्मावरून संघ पाडणे देशाच्या हिताचे नाही, असे मत बळावत चालले होते. १९४० च्या डिसेंबरमध्ये महात्मा गांधींनी या सामन्यांविरुद्ध आपला कौल दिला. तल्यारखान यांनीही जमातवार क्रिकेटविरुद्ध लेखणी चालवली. ज्या सामन्यांनी आपल्याला नाव मिळवून दिले त्यांच्याविरुद्ध लिहायला धैर्य लागते. आज क्रिकेट मंडळाशी करार केलेल्या समालोचकांकडून मंडळाविरुद्ध एखादा शब्द क्वचितच ऐकू येतो, तेव्हा या गोष्टीचे मोल अधिकच जाणवते. पंचरंगी सामने पुढे १९४६ मध्ये बंद पडले.

आता त्यांच्या स्वभावातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चरित्र लिहिताना नुसती आरती ओवाळू नये, असे आमचे सर म्हणतात. तल्यारखान यांना मायक्रोफोनवर दुसरा माणूस खपत नसे. स्वतंत्र भारतातली पहिली कसोटी मालिका १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध झाली. तिच्यासाठी आकाशवाणीने तीन समालोचकांची योजना केली. एकट्याने बोलणाऱ्या तल्यारखान यांना ही वाटणी मान्य झाली नाही आणि ते बाजूला झाले.

या हट्टाची किंमत त्यांना केवढी पडली पाहा! त्याच मालिकेतली शेवटची कसोटी फेब्रुवारी १९४९ मध्ये त्यांच्याच मुंबईत, ब्रेबर्न स्टेडियमवर झाली. भारताला विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. विजय हजारे यांनी शतक झळकावले, दत्तू फडकर अखेरपर्यंत झुंजले, आणि ८ बाद ३५५ वर खेळ थांबला. अवघ्या सहा धावा कमी पडल्या! मुंबईकरांनी तो दिवस वर्षानुवर्षे विसरला नाही. समालोचकाने जन्मभर ज्याची वाट पाहावी असा तो शेवट होता, आणि ज्याने मुंबईला क्रिकेट ऐकायला शिकवले तोच त्या वेळी बोलणाऱ्यांत नव्हता.

पुढे १९५४-५५ साली भारतीय संघ प्रथमच पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा ते पुन्हा समालोचनाकडे वळले. ही मालिका मात्र नीरस निघाली. पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या. त्यानंतर १९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा दिवसाचा खेळ संपल्यावर त्याचा सारांश सांगण्यासाठी त्यांचा आवाज पुन्हा ऐकू आला. त्या वेळी त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती. योगायोग असा की मुंबईत दूरदर्शन सुरू झाले तेही २ ऑक्टोबर १९७२ रोजी. शब्दांनी मैदान उभे करणाऱ्याचा निरोप आणि चित्राचे आगमन, दोन्ही एकाच हंगामात! वृत्तपत्रांतले त्यांचे लेखन मात्र उतारवयातही चालू होते. १९९० साली, वयाच्या ब्याण्णव-त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तल्यारखान यांचे समालोचन इंग्रजीत असे. आमच्या आजोबांना त्यातले काही कळले नसते. त्यांच्यापर्यंत क्रिकेट पोहोचले ते मराठीतून. पुण्याचे बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी आकाशवाणीवर मराठी धावते वर्णन रूढ केले तेव्हा. ती वर्णने आजोबांनी तरुणपणी दुकानाच्या फळीवर बसून ऐकली. आजही ते टीव्हीकडे कान लावून बसतात ते तशाच वर्णनाच्या आशेने. आता आयपीएलचे समालोचन मराठीतही असते. भाषा आपली झाली, पण न दिसणाऱ्या माणसाची आठवण त्यात राहिली आहे का, असा प्रश्न मला पडतो.

तल्यारखान यांच्या चरित्रातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, आपले बोलणे ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी आहे, हे विसरू नये. दुसरी गोष्ट त्यांच्या चुकीतून घेतली : माईक कोणा एकाचा नसतो. सकाळच्या लोकलने मी कॉलेजला येतो, तेव्हा आजोबांच्या शेजारी बसून सामना सांगायला घरी कोणी नसे. म्हणून मी माझ्या धाकट्या बहिणीला क्षेत्ररक्षणाच्या जागा शिकवल्या. ती आठवीत आहे, तिची शाळा दुपारची. परवा मी घरी आलो तेव्हा ती आजोबांना सामना सांगत होती. प्रत्येक चेंडूनंतर आधी धावसंख्या, मग बाकीचे. मी मध्येच काही सांगू लागलो, तेव्हा आजोबांनी हात वर करून मला गप्प केले.

मला वाईट वाटले नाही. उलट, यंदा गावच्या सामन्यांत अर्धा वेळ माईक तिच्या हाती द्यावा, असे मी मंडळाच्या पोरांना सांगून ठेवले आहे.