मुलगा वसतिगृहात निघतो तेव्हा : सुभेदार रामजी आणि भीमराव

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाची यादी लागली की घराघरांत एक वेगळीच गडबड सुरू होते. गादी, चादर, बादली-मग, कुलूप-किल्ली, मच्छरदाणी, आणि डब्यात चिवडा-लाडू. लेकरू पहिल्यांदाच वसतिगृहात राहायला जाणार म्हटल्यावर आई सामानाची यादी करते, बाबा फीचा हिशेब मांडतात. पालकहो, हे सगळं करायलाच हवं. पण या दिवसांत मला दरवर्षी एका वडिलांची आठवण होते, ज्यांनी आपल्या मुलाची तयारी करायला आठ-दहा वर्षं आधीच सुरुवात केली होती. ते म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. रामजी लष्करात होते, तिथल्या शाळेत त्यांनी अनेक वर्षं मुख्याध्यापक म्हणून काम केलं. म्हणजे घरात शिक्षकच होता! कबीरपंथी माणूस, पहाटे भजन, शिस्त कडक. पेन्शन मिळाल्यावर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. भीमराव लहान असतानाच आई भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळलं.

साताऱ्याच्या दिवसांतला एक प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. १९०१ साली रामजी खटाव तालुक्यात कॅशियरची नोकरी करत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना आपल्याकडे बोलावलं. मुलांनी नवे कपडे शिवले, जरीच्या टोप्या, नवे बूट, सगळा थाट! सोबत खाण्याचा डबा. कोणत्या दिवशी येतो ते पत्र लिहून कळवलं. मसूर स्टेशनवर मुलं उतरली तर घ्यायला कोणीच नाही. आपण महार आहोत असं मुलांनी सांगितल्यावर स्टेशन मास्तरांचा चेहराच बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन एक जण तयार झाला, तोही या अटीवर की बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. डबा भरलेला, पण प्यायला कोणी पाणी देईना. त्यामुळे अन्न असून रात्र उपाशीच गेली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मुलं घरी पोहोचली. तेव्हा कळलं की पत्र आलं होतं, पण नोकर ते रामजींना द्यायलाच विसरला होता.

भीमराव तेव्हा अवघे नऊ-दहा वर्षांचे. आपल्याकडे हा प्रसंग अस्पृश्यतेच्या धड्यात येतो आणि तो यायलाच हवा. पालक म्हणून वाचला तर त्यात आणखीही काही दिसतं. वडिलांनी पैसे पाठवले होते, कपडे झाले होते, डबा होता, पत्र होतं. तयारीत काहीच कमी नव्हतं. कमी पडलं ते बाहेरचं जग. त्या जगात टिकण्यासाठी मुलाच्या हातात डब्याशिवाय दुसरं काहीतरी असलं पाहिजे, हे रामजींना ठाऊकच होतं. ते अनुभवाने बोलणारे सुभेदार होते.

पुढे कुटुंब मुंबईला आलं आणि परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहू लागलं. खोली एकच, तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तीच अभ्यासिका. धूर, भांडीकुंडी, सरपण. भीमराव झोपत तिथे डोक्याशी जातं आणि पायाशी बांधलेली शेळी! इतक्या माणसांत अभ्यास कसा करायचा? रामजींनी त्यावर साधा तोडगा काढला. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचं, तोवर वडील जागे राहायचे. रात्री दोन वाजता ते मुलाला उठवायचे आणि त्याच्या जागी स्वतः आडवे व्हायचे. मग रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यावर, ज्याला धड काचही नव्हती, भीमराव उजाडेपर्यंत वाचत बसायचे.

आपण मुलांना पहाटे उठून अभ्यास कर असं सांगतो आणि स्वतः कूस बदलून झोपतो. (रागवू नका, मीही पालकच आहे!) रामजींनी आपली झोपच मुलाच्या अभ्यासाला जोडून टाकली होती.

पुस्तकांचंही तसंच. भीमरावांना अभ्यासाच्या पुस्तकांपेक्षा अवांतर वाचनाचं वेड. पेन्शन तुटपुंजी. मुलाने पुस्तक मागितलं की रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन हातात आली की दागिना सोडवून परत करत. त्या बहिणींची, मंजुळा आणि तुळसा यांची नावं आपण वर्गात घेतो का? भावाच्या पुस्तकांमागे त्यांचे दागिने होते. इंग्रजी आणि गणित रामजी स्वतः घ्यायचे, भाषांतराचा सराव करून घ्यायचे. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले.

पुढचं शिक्षण मात्र एकट्या रामजींच्या आवाक्याबाहेरचं होतं. इथे कृष्णाजी अर्जुन केळुस्कर या शिक्षकांनी हात दिला. त्यांनी आधी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिलं होतं. पुढे त्यांनी महाराजा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले.

जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्यांनी तिथे जावं हे रामजींना पसंत नव्हतं. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. भीमराव लगोलग निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला खाली उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली! घरी पोहोचायला एक दिवस उशीर झाला. मुलगा आला तेव्हा रामजींचे शेवटचे क्षण होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले.

आणि त्याच वर्षी जूनमध्ये भीमरावांना परदेशी शिक्षणासाठी बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली. तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. म्हणजे ज्याने इतकी वर्षं तयारी करून घेतली, तो निरोप द्यायला नव्हता. घरी पत्नी रमाबाई आणि काही महिन्यांचा यशवंत. मुलगा होस्टेलला जातो तेव्हा मागे राहणाऱ्यांचंही एक होस्टेलच होत असतं, काटकसरीचं. रमाबाईंनी ते दिवस ज्या हलाखीत काढले ते आपल्याला माहीत आहेच.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. पहिली अडचण कसली आली असेल? जेवणाची! अन्न नीट शिजलेलं नसे, त्यात गोमांस असे, ते त्यांना चालेना. थोड्याच दिवसांत त्यांनी जागा बदलली आणि कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले. त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉल या दुसऱ्या वसतिगृहात गेले. आपल्या मुलाचा पहिल्या आठवड्यात रडवेला फोन आला की मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही, तर लगेच बॅग भरायला धावू नका, एवढंच इथे सुचवते.

लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांना खोलीचा जोडीदार मिळाला, नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी. दोघांची मैत्री जन्मभर टिकली. पुढे १९२० साली अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला भीमराव लंडनला निघाले तेव्हा याच मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. ज्या माणसाला मायदेशी गाडीवान गाडीत बसवून न्यायला तयार नव्हता, त्याला परदेशी एका खोलीत बरोबरीने राहणारा मित्र मिळाला.

न्यूयॉर्कमधल्या सुरुवातीच्याच दिवसांत त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं. आईबाप मुलाला फक्त जन्म देतात, त्याचं नशीब त्यांच्या हातात नसतं, ही समजूत आपण सोडली पाहिजे, असा त्या पत्राचा आशय आहे. मुलाच्या आयुष्याला वळण देणं आईबापांना शक्य आहे आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवलं तर समाजाची प्रगती कितीतरी वेगाने होईल, असं त्यांनी कळवलं. वय बावीस वर्षं, वडिलांना जाऊन सहा-सात महिने झालेले. हे पत्र लिहिताना परळचा तो दिवा त्यांच्या डोळ्यांपुढे असणार, असं मला वाटतं.

१९१५ साली एम.ए. झालं. मग पीएच.डी.चा प्रबंध झाला आणि १९१६ मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परत यावं लागलं. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले आणि तिथे या उच्चशिक्षित माणसाला राहायला जागाच मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन जमाव आला. हिंदू मित्राकडे विचारलं, ख्रिस्ती मित्राकडे विचारलं, दोन्हीकडून नकार. सामान घेऊन ते कामाठीबागेत पाच तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

लंडनच्या दुसऱ्या खेपेचे दिवसही ओढाताणीचेच होते. घरमालकीण देई तो तुटपुंजा नाश्ता, दुपारचं जेवण बहुतेक नाहीच, दिवसभर ग्रंथालय. रात्री भूक लागली की ओळखीच्या एकाने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून घ्यायचे आणि कपभर दूध प्यायचं. आपण मुलाच्या सामानात पापडाची चवड ठेवतो ना, ती वाया जात नाही बरं का!

१९२३ साली ते मायदेशी परतले. पुढच्या वर्षी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक होतं वसतिगृह. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला ते सुरू झालं. मुलांचं जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं यांचा खर्च सभेने उचलला, सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये अनुदान दिलं. त्या मुलांनी तिथे सरस्वती विलास नावाचं मासिक चालवलं आणि एक मोफत वाचनालयही काढलं.