लाल मातीतून मॅटवर : खाशाबा जाधव

२०१५ साली ‘प्रो रेसलिंग लीग’ सुरू झाली आणि एरवी कुस्ती न पाहणाऱ्या घरांतही दूरचित्रवाणीवरून सहा मिनिटांच्या झुंजी पोहोचल्या. सातारा-सांगलीच्या जत्रांतील कुस्तीला ही घाई ठाऊक नव्हती; मल्ल चितपट होईपर्यंत मैदान हलत नसे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा जाधव याच मातीत घडले. वडील दादासाहेब हे त्यांचे पहिले वस्ताद.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मात्र खेळाचे रूपच निराळे होते. मऊ मॅट, घड्याळाची मर्यादा, गुणांचा हिशेब! तरीही ते फ्लायवेट गटात सहावे आले. पुढल्या ऑलिंपिकपर्यंत त्यांनी हे नवे तंत्र आत्मसात केले.

लीगमध्ये मल्लांवर लाखोंची बोली लागली. खाशाबांपाशी हेलसिंकीच्या प्रवासापुरतेही पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. २३ जुलै १९५२ रोजी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मिरवणुकीत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या. परतल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कुस्त्यांची मैदाने भरवून प्राचार्यांचे ऋण फेडण्याचे.

१९६२ साली सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, तेव्हा मॅटची वाट मळलेली होती.

खाशाबा १९५५ मध्ये पोलीस दलात शिरले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार आला, तो त्यानंतर पंधराहून अधिक वर्षांनी.