कुशिंगचा दिवा

आपल्या हॉस्टेलच्या जिन्याखालच्या बंद खोलीत काय आहे? मोडक्या कॉट, जळालेले टेबलफॅन आणि सिनियर्सनी टाकून दिलेले ड्रॉइंग बोर्ड. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या मेडिकल हॉस्टेलखाली मात्र शेकडो काचेच्या बरण्या धूळ खात पडल्या होत्या, आणि त्यांत होते माणसांचे मेंदू आणि मेंदूतल्या गाठी! १९९०च्या दशकात तिथली पोरं रात्री गुपचूप खाली उतरायची, बरण्या बघायची आणि तिथल्या बोर्डवर सही ठोकून यायची. हा सगळा पसारा होता डॉ. हार्वे कुशिंग यांचा.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती मामामुळे. मी टीईला असताना मामाला नाकामागच्या पोकळीत कॅन्सर निघाला. गाठ वर सरकत कवटीच्या तळाला भिडली होती. कवटीचा तळ म्हणजे मेंदू ज्या हाडावर टेकतो ते हाड. डोळ्यांच्या नसा, मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या त्यातूनच जातात. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. खालचा भाग नाकातून दुर्बीण घालून काढायचा, वरचा कपाळाचं हाड उघडून. वरच्या कामाला एक्झोस्कोप वापरणार होते. मामीने फक्त मामाचे डोळे वाचतील का, एवढंच विचारलं. मी मात्र कॅमेऱ्याबद्दलच विचारत बसलो. नंतर त्याची लाज वाटली.

एक्झोस्कोप म्हणजे यांत्रिक हातावर बसवलेला कॅमेरा. एंडोस्कोप शरीराच्या आत जातो, हा बाहेरच, जखमेच्या वीत-दोन वीत वर थांबतो. उजेडही त्याचाच. आतलं चित्र मोठं होऊन समोरच्या स्क्रीनवर येतं, थ्रीडी असेल तर सगळे चष्मे लावतात. मायक्रोस्कोपच्या आयपीसला डोळे लावून सर्जनला तासन्‌तास अवघडून बसावं लागत नाही, आणि सर्जन जे बघतो तेच नर्सला आणि शिकणाऱ्यालाही दिसतं. न्यूरोसर्जरीत याचे पहिले अनुभव २००८च्या सुमारास छापून आले. मामाचं झाल्यावर मी लायब्ररीत शोधत बसलो, की या अंधाऱ्या जागेत आधी माणसं शिरायची तरी कशी? तिथे कुशिंग भेटले.

जन्म ८ एप्रिल १८६९, ओहायोतल्या क्लीव्हलंड शहरात. घरात पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर. हार्वर्डला शिकताना पेशंटला ईथर देऊन बेशुद्ध करायचं काम त्यांच्याकडे आलं, आणि एक पेशंट त्यांच्या हातून दगावला. पोरगा पार हादरला. पण तिथेच थांबला नाही. अर्नेस्ट कॉडमन या मित्राबरोबर त्याने ईथर देताना नाडी आणि श्वास नोंदवायचा तक्ता तयार केला. पुढे १९०१ साली इटलीत पाव्हियाला त्यांनी रिवा-रोची यांचा रक्तदाब मोजायचा दंडपट्टा पाहिला आणि तो अमेरिकेत आणला. म्हणजे आपल्या भाषेत, आधी रीडिंग घ्या, मग कामाला लागा!

१९०९ साली त्यांनी पिट्युटरीच्या गाठीवर पहिल्यांदा ऑपरेशन केलं. ही मटारएवढी ग्रंथी कवटीच्या तळातल्या खोबणीत बसलेली असते. तिच्या गाठी बहुतेक कॅन्सरच्या नसतात, पण वाढल्या की डोळ्यांच्या नसा दाबतात आणि माणूस आंधळा होत जातो. कुशिंग वरच्या ओठाखालून, नाकाच्या पडद्याच्या बाजूने आत जायचे. कपाळावर दिवा आणि समोर अरुंद, खोल बोगदा. अँटिबायोटिक्स नव्हतीच. तरी १९१० ते १९२५ मध्ये या वाटेने केलेल्या २३१ ऑपरेशन्समध्ये मृत्यूचं प्रमाण होतं ५.६ टक्के. त्या काळी हे अचाटच होतं.

माणूस स्वभावाने गोड वगैरे नव्हता. ज्युनियर्सना फाडून खायचा. पण ऑपरेशन झालं की स्वतः बसून त्याचं चित्र काढायचा.

१९२६ हे साल तर बघाच. सर विल्यम ऑस्लर यांच्या चरित्रासाठी कुशिंगना पुलित्झर मिळालं. जूनमध्ये थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. बातमी कळल्यावरही त्यांनी त्या दिवशीचं ठरलेलं ऑपरेशन केलं. आणि १ ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये त्यांनी विल्यम बोव्ही यांचं विजेवर चालणारं यंत्र पहिल्यांदा वापरलं. बोव्ही सर्जन नव्हते, बायोफिजिक्सवाले. त्यांच्या यंत्रातला हाय फ्रीक्वेन्सीचा करंट मांस कापतो आणि रक्तही थांबवतो. काही दिवसांपूर्वी रक्तस्रावामुळे अर्धवट सोडलेली गाठ त्या दिवशी निघाली. आज कॉटरी म्हणून प्रत्येक ओटीत असतं ते हेच तत्त्व.

आणि याच माणसाने १९२०च्या दशकाच्या अखेरीस नाकाची वाट सोडून दिली. वरून कवटी उघडण्यात त्यांचा हात आता बसला होता, आणि खालच्या बोगद्यात पुरेसं दिसत नव्हतं. त्यांनी सोडली म्हटल्यावर बहुतेकांनी सोडली. पण त्यांच्याकडे शिकून गेलेल्या नॉर्मन डॉट यांनी एडिंबरोत ती चालू ठेवली. डॉट यांनी आत घालायच्या चिमट्याच्या टोकाशीच दिवे बसवले! त्यांच्याकडून पॅरिसचे जेरार गियो शिकले, गियोंकडून मॉन्ट्रियलचे ज्यूल हार्डी, आणि हार्डींनी १९६०च्या दशकात त्या बोगद्यावर मायक्रोस्कोप आणला. मग एंडोस्कोप आला, पाठोपाठ एक्झोस्कोप. वाट तीच होती, अडलं होतं ते उजेडावर आणि भिंगावर.

कुशिंग ७ ऑक्टोबर १९३९ रोजी गेले. शवविच्छेदनात त्यांच्याच मेंदूत एक छोटी गाठ सापडली. तळघरातल्या बरण्या २०१० पासून येलच्या लायब्ररीत नीट मांडून ठेवल्या आहेत.

एक्झोस्कोपही परिपूर्ण नाही. अरुंद खोल जागेत उजेड आणि खोलीचा अंदाज अजून कमी पडतो, म्हणूनच मामाच्या वेळी एंडोस्कोपही लागला. मामाला आता वास येत नाही. आमटी करपली तरी मामीलाच सांगावं लागतं. पण डोळे शाबूत आहेत, रोज सकाळी चष्मा लावून पेपर वाचतो. बीईच्या प्रोजेक्टला मी कॅमेरा स्थिर धरणारा हात घेतलाय. मोटर अजून थरथरते. कुणाला कंट्रोल्स चांगलं येत असेल तर रात्री जेवणानंतर मेससमोर भेटा. चहा माझ्याकडून!