जमिनीचा उतार वाचणारा ऋषी : सर पॅट्रिक गेडिस

घर बांधायचे ठरले की आपण प्रथम मुहूर्त पाहतो, मग पैशांची जुळवाजुळव करतो आणि शेवटी नकाशा काढून घेतो. जमीन पाहणे म्हणजे सातबारा पाहणे, अशीच बहुतेकांची समजूत असते. पण जमिनीला उतार असतो, तिच्या पोटात माती वा खडक असतो, तिच्यावरून पाणी एका ठराविक वाटेने जाते. या गोष्टी सातबाऱ्यावर लिहिलेल्या नसतात. त्या न वाचता घर बांधले, तर पहिल्याच मोठ्या पावसात जमीन आपला जबाब देते. हे शास्त्र म्हणून जगापुढे मांडणाऱ्यांत ज्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, तो मनुष्य शिक्षणाने स्थापत्यविशारद नव्हता. तो वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता आणि त्याच्या आयुष्यातील उत्तरकाळाची जवळजवळ दहा वर्षे आपल्याच देशात गेली. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पॅट्रिक लहान असतानाच कुटुंब पर्थ शहराजवळ राहावयास आले. तेथील घर किनूल टेकडीच्या उतारावर होते. खाली टे नदीचे खोरे, पलीकडे शहर आणि दूरवर डोंगरांच्या रांगा. वडिलांचा हात धरून बागेत काम करावे, टेकडीवर चढावे, तेथून नदीचा मार्ग न्याहाळावा, हे त्या मुलाचे खरे प्राथमिक शिक्षण. डोंगरापासून समुद्रापर्यंतचा सगळा प्रदेश एका दृष्टिक्षेपात पाहण्याची जी सवय त्यांना लागली, ती जन्मभर सुटली नाही.

वडिलांच्या आग्रहास्तव त्यांनी काही महिने बँकेत उमेदवारी केली. पण मन रमेना. पुढे लंडनला जाऊन थॉमस हक्सली या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. १८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांच्या डोळ्यांना विकार जडला. कित्येक आठवडे डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या तरुण शास्त्रज्ञावर याहून मोठा आघात कोणता? दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचे काम पूर्वीसारखे करता येईना. त्या अंधारात हाताने चाचपून, कागदाच्या घड्या घालून त्या चौकटींत विचार मांडण्याची एक पद्धत त्यांनी शोधून काढली. स्थळ, काम आणि लोक या तीन गोष्टी एकमेकींना कशा घडवितात, हा त्या चौकटींतील मुख्य प्रश्न झाला. वनस्पती जशी माती, ऊन व पाणी यांच्याशी जुळवून घेत वाढते, तसेच माणसाचे घर आणि गावही वाढते, या निष्कर्षाप्रत ते आले.

यातूनच त्यांचे प्रसिद्ध खोऱ्याचे छेदचित्र जन्मले. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत जमिनीचा उभा छेद घ्यावयाचा. वर खाणकामगार व लाकूडतोड्या, त्याखाली शिकारी व मेंढपाळ, मग डोंगरउतारावरचा गरीब शेतकरी, सपाटीवरचा सधन शेतकरी आणि अखेरीस किनाऱ्यावरचा कोळी. प्रत्येकाचा धंदा त्याच्या उंचीने ठरतो, आणि धंद्याबरोबर घरही. आपल्याकडे हे चित्र काढून पाहण्यास फार दूर जावयास नको. कोकणात धो-धो पावसामुळे जांभ्या दगडाचे उंच जोते आणि उतरती कौलारू छपरे. घाट चढून बेळगावकडे आले आणि तेथून पूर्वेस निघाले, की पाऊस कमी होत जातो, माती काळी होते आणि छपरे सपाट होऊ लागतात. खानदेशात धाब्याची मातीची घरे. ही घरे कोणा एका कारागिराच्या लहरीने तशी झाली नाहीत; जमिनीने आणि पावसाने ती तशी करविली.

गेडिस केवळ सिद्धांत सांगून थांबले नाहीत. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन या सुविद्य स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. नवविवाहित दांपत्याने एडिंबरोतील चांगली वस्ती सोडून जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या मोडकळीस आलेल्या वस्तीत बिऱ्हाड थाटले आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून साफसफाई, रंगरंगोटी, डागडुजी सुरू केली. एडिंबरोचा किल्ला एका मृत ज्वालामुखीच्या कातळावर आहे, आणि त्या कातळाच्या पाठीवरून शहर एका लांब उताराने खाली उतरते. किल्ल्याला लागूनच, उत्तरेकडे एकदम खाली कोसळणाऱ्या उतारावर गेडिस यांनी १८९० नंतरच्या काही वर्षांत रॅम्से गार्डन ही घरे उभारविली. तेथे पूर्वी कवी ॲलन रॅम्से याचे अष्टकोनी घर होते. ते न पाडता नव्या इमारतीत सामावून घेतले. जागा सपाट करून एकसारखी चाळ बांधणे सोपे होते. त्याऐवजी उतार जसा होता तसा ठेवून, त्याच्या कलाने बाहेर आलेले सज्जे, टोकदार छपरे आणि कमीअधिक उंचीचे मजले बसविले. तेथे विद्यार्थी राहिले, प्राध्यापक राहिले आणि स्वतः गेडिस कुटुंबही राहिले. या खटाटोपात त्यांच्यावर इतके कर्ज झाले, की अखेर मित्रांना एक मंडळी स्थापून तो व्याप आपल्याकडे घ्यावा लागला.

१८८८ पासून ते डंडी येथील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथे त्यांना केवळ उन्हाळी सत्रात शिकवावे लागे. उरलेले वर्ष ते शहरांना देत. १९०४ मध्ये डनफर्मलिन गावासाठी त्यांनी मोठा अहवाल तयार केला. विश्वस्तांनी तो बाजूस ठेवला. असे अपयश त्यांच्या वाट्याला पुढेही अनेकदा आले.

१९१४ मध्ये साठी गाठलेले गेडिस आपले नगरप्रदर्शन घेऊन मद्रासला निघाले. ते स्वतः सुखरूप पोहोचले. पण प्रदर्शनाचे सामान घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. वर्षानुवर्षे जमविलेले नकाशे व चित्रे समुद्राच्या तळाशी गेली. त्यांनी मित्रांकडून नवे साहित्य मागवून प्रदर्शन पुन्हा उभे केले. मग सुरू झाली त्यांची भारतातील भटकंती. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा शहरांच्या पुनर्रचनेवर त्यांनी अहवाल लिहिले. पुढे बलरामपूर, लखनौ, बडोदे, इंदूर अशी किती तरी शहरे त्यांनी पायाखाली घातली. पायाखाली घातली हे शब्दशः खरे. प्रथम गल्लीबोळातून चालावयाचे, पाणी कोठून येते व कोठे जाते ते पाहावयाचे, झाड, विहीर आणि देऊळ नोंदवावयाचे. कागदावर रेघ त्यानंतर. सरळ रस्त्यासाठी घरांच्या रांगा पाडू पाहणाऱ्या अभियंत्यांशी त्यांचा सतत वाद होई. शल्यविशारद जसा रोगट भाग तेवढाच काढतो, तसे पडके घर तेवढे काढावे आणि बाकीची वस्ती राखावी, असा त्यांचा आग्रह असे. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजविण्यासही त्यांचा विरोध होता. तलाव पुराचे पाणी पोटात घेतो आणि हवा थंड ठेवतो. डासांच्या बंदोबस्तासाठी त्यात मासे व बदके सोडावीत, असे ते सांगत.

१९१७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दारुण ठरले. थोरला मुलगा ॲलिस्टर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. त्या वेळी पत्नी ॲना कलकत्त्यास विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती. मुलाच्या मृत्यूची वार्ता पतीने तिच्यापासून लपवून ठेवली. ती गेली, ती मुलगा जिवंत आहे याच समजुतीत. हे दुःख उरात घेऊन त्यांनी होळकरांच्या इंदूरचे काम पुरे केले. १९१८ मध्ये त्या शहरावरील दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शहरातील खान व सरस्वती या नद्या त्यांनी आपल्या विचाराच्या केंद्रस्थानी ठेवल्या होत्या. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांना नेमले. मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांना परदेशी शिक्षणासाठी पाठविण्याची शिफारस त्यांनीच केली. घुर्ये पुढे भारतीय समाजशास्त्राचे अध्वर्यू झाले.

आता डिंडोलीकडे वळू. हे नाव आपल्या वाचकांपैकी अनेकांना अपरिचित असेल. सुरत शहराच्या आग्नेयेस असलेले हे एकेकाळचे खेडे आज महानगराचा भाग झाले आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कामधंद्यासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली आहेत. तापी नदी मुलताईजवळ उगम पावून, खानदेशातून वाहत सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेजवळ समुद्राला मिळते. ही माणसेही त्याच नदीच्या वाटेने खाली उतरली. गेडिस यांचे छेदचित्र येथे जिवंत झाले आहे! मात्र वरच्या कोरड्या प्रदेशातील घराची सवय खालच्या सखल प्रदेशात चालत नाही. येथील काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि उथळ पायाच्या भिंतींना भेगा पाडते. उतार इतका अल्प, की डोळ्यांना दिसतही नाही. शहराच्या दक्षिण-पूर्व भागातून मिठी, भेदवाड अशा खाड्या वाहतात आणि पावसाळ्यात फुगतात. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरात सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता.

गुजरातेत जमिनीची आखणी टीपी योजनेने होते. सर्वांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करावयाच्या, रस्ते व सार्वजनिक जागा काढून घ्यावयाच्या आणि उरलेले चौकोनी भूखंड मालकांना परत द्यावयाचे. डिंडोलीही अशाच योजनांखाली आखली गेली. या पद्धतीचे मूळ १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात आहे. गेडिस यांचे सहा शहरांचे अहवालही त्याच वर्षीचे, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. कायद्याने भूखंडाची हद्द नीट केली, आणि ते आवश्यकही होते. गेडिस पाहत होते तो हद्द न जुमानणारा उतार. आयुष्याची पुंजी घालून घर बांधणारा मनुष्य भराव टाकून आपले जोते दोन हात उंच करतो. त्याचे घर वाचते, पण त्याच्या अंगणातील पाणी शेजारच्या जुन्या, बुटक्या घरात शिरते. मग शेजारी भराव टाकतो. अखेर ज्याच्याजवळ भरावाला पैसे नाहीत, त्याच्या चुलीपर्यंत पाणी येते. म्हणून घराचा नकाशा भूखंडाच्या चार कोपऱ्यांत संपत नाही. आपल्या छपरावरचे पाणी कोणत्या ओहळाने, कोणाच्या दारावरून, कोणत्या खाडीला जाते, हे ठाऊक झाल्यावरच जोत्याची उंची ठरवावी. जुनी गावठाणे बहुधा उंचवट्यावर का वसली, याचे उत्तरही तेथेच सापडते.

गेडिस यांच्यात दोष नव्हते असे नाही. त्यांचे बोलणे दाढीत विरून जाई, लेखन क्लिष्ट असे, आणि हाती घेतलेले काम अर्धे टाकून नव्याकडे धावण्याची खोड त्यांना होती. त्यांचे अनेक अहवाल सरकारी दप्तरात धूळ खात पडले. १९२४ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव ते भारत सोडून फ्रान्समधील माँपेल्ये येथे गेले. तेथे शहराबाहेरील खडकाळ माळावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक निवास-महाविद्यालय उभारले आणि त्याभोवती स्वतः बाग फुलविली. १९३२ च्या आरंभी त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला तेथेच त्यांचे देहावसान झाले.

टेकडीवरच्या घरात सुरू झालेले आयुष्य माळावरच्या घरात संपले. मधल्या काळात या माणसाने आपल्या मुलुखातील रस्ते, तलाव आणि नद्या पायी फिरून पाहिल्या. आपल्यापैकी काही जण उद्या अभियंते होतील, काही शिक्षक. घर मात्र बहुतेक सर्वच बांधतील. जागा घेण्यापूर्वी एकदा भर पावसात, छत्री घेऊन, तिच्यावर तासभर उभे राहावे आणि पाणी कोणीकडे जाते ते पाहावे. त्या पाण्यामागे चालत जाऊन वाटेत कोणाची घरे लागतात, हेही पाहून यावे.