सम्राटाला प्रायश्चित्त घडविणारे संत अँब्रोज

दरवर्षी ७ डिसेंबर रोजी, आगमनकाळात, ख्रिस्तसभा संत अँब्रोज यांचा सण साजरा करते. परमेश्वर पापाचा न्याय करताना राव आणि रंक असा भेद करीत नाही, ही पवित्र शास्त्राची शिकवण त्यांनी निर्भयपणे आचरणात आणली.

अँब्रोज यांचा जन्म इ. स. ३४० च्या सुमारास, आज जर्मनीत असलेल्या ट्रिअर येथे झाला. कायद्याचा अभ्यास करून ते मिलानच्या प्रांताचे राज्यपाल झाले. ३७४ साली नव्या बिशपांच्या निवडीवरून मिलानमध्ये दोन गटांत तंटा पेटला. शांतता राखण्यासाठी गेलेल्या अँब्रोज यांचीच लोकांनी बिशप म्हणून निवड केली. तेव्हा त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता! पुढे ३८७ साली संत ऑगस्टीन यांना त्यांनीच बाप्तिस्मा दिला.

३९० साली त्यांच्या कसोटीचा प्रसंग आला. थेस्सलनीका शहरात जमावाने बुथेरिक या सेनाधिकाऱ्याची हत्या केली. संतप्त सम्राट थिओडोसियस यांच्या हुकमाने सैनिकांनी नागरिकांची सरसकट कत्तल केली. प्राचीन इतिहासकार थिओडोरेट मृतांचा आकडा ७,००० देतात. आजचे अभ्यासक त्याविषयी साशंक आहेत. मात्र निरपराध्यांचे रक्त सांडले, हे निश्चित.

अँब्रोज यांनी सम्राटाला बिशप या नात्याने खासगी पत्र लिहिले. सम्राट उपस्थित असल्यास आपण मिस्साबलिदान अर्पण करू शकत नाही, असे त्यांनी कळविले व दावीद राजाचे स्मरण करून दिले. दावीदाने बथशेबेसाठी उरीयाचा घात केला, तेव्हा नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या कोकरीचा दाखला सांगून राजाला त्याच्याच मुखाने दोषी ठरविले. दावीदाने पाप कबूल केले आणि त्याला क्षमा मिळाली. तरीही पापाची कटू फळे त्याच्या घराण्याला भोगावी लागली. देवाचा न्याय आणि देवाची दया एकमेकींना छेद देत नाहीत, हे या कथेचे सार आहे.

थिओडोसियस यांनी राजचिन्हे उतरवून मंदिरात सर्वांसमक्ष पश्चात्ताप केला. त्याच वर्षी नाताळात त्यांना पुन्हा साक्रामेंते मिळाली. ३९५ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा अंत्यविधीच्या प्रवचनात अँब्रोज यांनी त्यांच्या नम्रतेचा गौरव केला.

तथापि, संतांच्या जीवनातही उणिवा असतात. ३८८ साली कॅलिनिकम येथे ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांचे सभास्थान जाळले. तेथील बिशपांनी ते पुन्हा बांधून द्यावे, असा सम्राटाचा न्याय्य आदेश होता. अँब्रोज यांनी त्यास विरोध करून तो मागे घ्यायला लावला. पुढे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने यहुदीद्वेषाचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. नाथानाचा दाखला सम्राटाला लागू पडतो, तसाच बिशपांनाही.

४ एप्रिल ३९७ रोजी, पवित्र शनिवारी, अँब्रोज यांनी देह ठेवला. आगमनकाळात आपण न्याय करण्यास येणाऱ्या प्रभूची वाट पाहतो. दुसऱ्याचे पाप मोजण्याआधी स्वतःचे पाप ओळखणे, हीच त्या भेटीची खरी तयारी होय.