संत जोसेफ वाझ : दुखण्याला सोबत घेऊन चाललेला धर्मगुरू

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर आजाऱ्यांची विचारपूस करण्यासाठी जाणाऱ्या आपल्या धर्मभगिनींना, धर्मशिक्षकांना आणि धर्मगुरूंना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. काही घरांत आजार एकदाच येऊन जात नाही, तो परत येतो. पावसाळ्यात हिवताप येतो, औषधाने उतरतो आणि भाताची कापणी सुरू होण्याआधी पुन्हा अंगात भरतो. वारली, धोडी, कोकणा अशा आदिवासी समाजांतील काही कुटुंबांत सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे पिळवटून टाकणाऱ्या वेदना होतात. काही दिवसांनी वेदना ओसरतात, माणूस पुन्हा कामाला लागतो आणि दोन-चार महिन्यांनी तेच दुखणे दारात उभे राहते. विज्ञान सांगते की हा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला असेल, तर तो हिवतापापासून काहीसे संरक्षण देतो. दोघांकडूनही आला, तर मात्र तोच जन्मभराचे दुखणे होतो. रानात राहणाऱ्या माणसांच्या रक्तातच हा विलक्षण हिशेब मांडलेला आहे.

अशा घरातील माणूस आपल्याला विचारतो की प्रार्थना केली, बरा झालो, मग पुन्हा का पडलो? माझ्या श्रद्धेत काही उणे राहिले काय? या प्रश्नाला घाईने उत्तर देणे आम्हांला योग्य वाटत नाही. त्याऐवजी आपल्याच कोकण किनाऱ्यावर जन्मलेल्या एका संताची जीवनकथा आम्ही येथे सांगत आहोत. ते कोकणी बोलणारे होते, अनवाणी चालणारे होते आणि त्यांच्या कार्याची सुरुवातच रोगशय्येवर झाली होती.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील सासष्टी प्रांतात, बाणावली या गावी आईच्या माहेरी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे. आईचे नाव मारिया दे मिरांडा. बाणावलीच्या संत जॉन बाप्तिस्टा चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. बालपणीचे शिक्षण सांकवाळ व बाणावली येथे आणि पुढचे शिक्षण गोवा शहरात येशूसंघीयांच्या संत पावलाच्या महाविद्यालयात झाले. तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा अभ्यास त्यांनी डॉमिनिकन धर्मगुरूंच्या हाताखाली केला. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर लवकरच त्यांनी पायांतील वहाणा सोडल्या. त्या काळात गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंना युरोपीय धर्मगुरूंच्या बरोबरीचा मान नव्हता व मोठ्या संन्यस्त संघांची दारे त्यांना सहसा उघडत नसत. प्रतिष्ठित घराण्यातील या तरुण धर्मगुरूने गरिबांप्रमाणे अनवाणी फिरावे, हे तेव्हा कित्येकांच्या डोळ्यांवर आले असेल. सांकवाळ येथे त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा चालवली. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून अर्पण केले व तसे पत्र लिहून दिले. ते पत्र आजही प्रसिद्ध आहे.

१६८१ ते १६८४ या काळात ते कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील कानडा प्रांतात कार्यरत होते. तेथील भाविक विखुरलेले होते आणि धर्माधिकाराविषयीचे वाद तीव्र होते. या वादांच्या तपशिलात आम्ही शिरत नाही. जोसेफ वाझ त्यांतून कटुता न घेता परतले, एवढे येथे पुरेसे आहे. गोव्याला आल्यावर जुने गोवे येथील चमत्कारी क्रूसाच्या मंदिराजवळ काही स्थानिक धर्मगुरू एकत्र राहू लागले होते. १६८५ साली जोसेफ वाझ त्यांना येऊन मिळाले व लवकरच त्यांचे प्रमुख झाले. संत फिलिप नेरी यांच्या आदर्शावर उभा राहिलेला हा ओरॅटोरियन समुदाय सर्वस्वी भारतीय धर्मगुरूंचा होता.

परंतु त्यांचे मन दुसऱ्याच भूमीकडे ओढ घेत होते. श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, डचांनी पोर्तुगीजांचा पाडाव करून १६५६ मध्ये कोलंबो व १६५८ मध्ये जाफना जिंकले होते. डच सत्ता कॅल्व्हिनपंथीय होती. तिने कॅथोलिक धर्मगुरूंना हाकलून लावले, चर्चे ताब्यात घेतली आणि धर्मगुरूंना आसरा देणाऱ्यांना कठोर शिक्षा ठेवली. हजारो भाविक जवळजवळ तीस वर्षे मिस्साबलिदानावाचून, पापनिवेदनावाचून राहिले. काही गावांत वडीलधाऱ्यांनी चोरून जपमाळेची प्रार्थना चालू ठेवली, म्हणून श्रद्धा तग धरून राहिली. आपल्या आदिवासी पट्ट्यातील धर्मशिक्षकांचे मोल जे जाणतात, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

१६८६ साली जोसेफ वाझ गोव्याहून निघाले. जॉन नावाचा घरचा निष्ठावान सेवक त्यांच्यासोबत होता. धर्मगुरूचा झगा उतरवून त्यांनी मजुराचा, भिकाऱ्याचा वेष घेतला. १६८७ मध्ये तुतिकोरिनहून ते होडीने निघाले, पण समुद्र खवळल्यामुळे प्रवास लांबला. अन्नपाण्याची आबाळ होऊन ते जाफन्याला पोहोचले तेव्हा त्यांना अतिसाराने गाठले होते.

या प्रसंगापाशी आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. तीस वर्षे धर्मगुरूची वाट पाहणाऱ्या भूमीवर अखेर एक धर्मगुरू उतरतो आणि उतरताच अंथरुणाला खिळतो. अंथरूण तरी कसले? संसर्गाच्या भीतीने लोक जवळ येईनात. परक्या गावात, परक्या भाषेत, उघड्यावर पडून राहण्याची वेळ आली. आपण कोण आहोत हे सांगण्याची सोय नव्हती, कारण तसे सांगणे म्हणजे पकडले जाणे. चरित्रकार सांगतात की एका दयाळू स्त्रीने त्यांना तांदळाची पेज आणून दिली व त्या पेजेवर त्यांचे प्राण तगले. ती स्त्री कोणत्या धर्माची होती याची चौकशी करण्याचे आपल्याला काही कारण नाही. आजारी माणसाला पेज लागते, ती तिने दिली. डहाणूच्या कोणत्याही पाड्यावर आजही तापातून उठलेल्या माणसाच्या ओठांना प्रथम पेजच लावली जाते.

आजाराने त्यांचे कार्य लांबणीवर पडले, असे आपण सहज म्हणू. आमच्या मते ते नेमके तेथेच सुरू झाले. सेवा करायला आलेल्या माणसाला आधी सेवा घ्यावी लागली. पुढे ज्या रोग्यांची त्यांनी शुश्रूषा केली, त्यांच्यासारखेच टाकून दिल्याचे दुःख त्यांनी स्वतः भोगलेले होते.

अंगात थोडे बळ येताच त्यांनी भिक्षापात्र हाती घेतले, गळ्यात उघडपणे जपमाळ घातली आणि ते दारोदार फिरू लागले. जपमाळ पाहून कोणाच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण उमटते, हे ते पाहत होते. अशा रीतीने त्यांना पहिली कॅथोलिक कुटुंबे सापडली. जाफन्याजवळच्या सिल्लालै या गावाने त्यांना आश्रय दिला. दिवसा ते लपून राहत आणि रात्री मिस्सा अर्पण करीत, पापनिवेदन ऐकत, बालकांना बाप्तिस्मा देत, आजाऱ्यांना भेटत. डचांना सुगावा लागला व भाविकांवर छळ ओढवला, तेव्हा त्यांना तो भाग सोडावा लागला. पुत्तलम भागात काही काळ कार्य करून १६९२ साली ते डोंगरातील कँडीच्या स्वतंत्र राज्यात गेले.

तेथेही स्वागत बेड्यांनीच झाले. दरबारातील एका फ्रेंच कॅल्व्हिनपंथीयाने, हा पोर्तुगीजांचा हेर आहे, असे राजाच्या कानी घातले आणि जोसेफ वाझ यांना बंदीवासात टाकण्यात आले. बंदीवासात त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. पहारा सैल होताच आवारात एक झोपडीवजा प्रार्थनामंदिर उभे केले. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध होता. या माणसाकडून राज्याला धोका नाही, हे त्याला हळूहळू कळून चुकले. पुढे एका मोठ्या अवर्षणाच्या वेळी वाझ यांनी उघड्या जागी क्रूस उभारून प्रार्थना केली व पाऊस आला, अशी कथा श्रीलंकेतील भाविक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सत्तेने ज्यांना हद्दपार केले, त्या धर्मगुरूंना बौद्ध राजाने आसरा दिला, हे इतिहासातील सत्य आपण विसरता कामा नये.

१६९६ साली गोव्याहून त्यांच्या मदतीला आणखी ओरॅटोरियन धर्मगुरू येऊन पोहोचले. त्यांत त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो हेही होते. त्यानंतर १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ पसरली.

देवीच्या रोगाची दहशत आजच्या पिढीला कळणे कठीण आहे, कारण १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. त्या वेळी ना लस होती ना औषध. सारे अंग फोडांनी भरे, दुर्गंधी सुटे. जे वाचत त्यांपैकी काहींची दृष्टी जाई. कँडीत राजापासून रंकापर्यंत ज्यांना शक्य होते त्यांनी शहर सोडले. घरातील माणसेच रोग्याला रानात नेऊन टाकू लागली. जोसेफ वाझ आणि त्यांचे भाचे मात्र मागे राहिले. त्यांनी ओस पडलेल्या घरांत आणि उभारलेल्या झोपड्यांत रोग्यांना आणून ठेवले. ते रोज त्यांच्याकडे जात, जखमा धूत, अन्नपाणी भरवीत, मरणासन्नांना धीर देत आणि मेलेल्यांना स्वतः खड्डे खणून पुरीत. रोगी ख्रिस्ती की बौद्ध, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. साथ ओसरल्यावर राजाने कृतज्ञतेने मान्य केले की हे धर्मगुरू नसते तर शहराचे रस्ते प्रेतांनी भरून गेले असते. त्यानंतर त्यांना राज्यात मोकळेपणाने फिरता आले.

यापुढची वर्षे म्हणजे अखंड पायपीट होती. डोंगर, घनदाट रान, जळवा, हिवतापाचा प्रदेश आणि पाय अनवाणी. डचांच्या मुलुखातही ते वेषांतर करून शिरत. १७०५ साली गोव्यातील दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस त्यांना येऊन मिळाले. त्यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत विपुल धार्मिक ग्रंथरचना केली. लोकांनी आपल्याच भाषेत प्रार्थना करावी, हा वाझ यांचा आग्रह होता. बिशपपदाच्या योग्यतेचा अधिकार त्यांच्यापुढे चालून आला तेव्हा त्यांनी तो नम्रपणे नाकारला.

शरीर मात्र थकत चालले होते. १७१० साली प्रकृती बरी नसतानाही ते आणखी एका प्रेषितकार्याच्या प्रवासाला निघाले आणि परतले ते आजारी होऊनच. ताप व संसर्ग एकामागून एक येत राहिले. एका दुखण्यातून उठावे, थोडी शक्ती यावी, तोच दुसऱ्याने धरावे, असे शेवटचे महिने गेले. ज्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला असे लोक मानत, त्यांचा स्वतःचा ताप काही उतरला नाही. म्हणून त्यांनी प्रार्थना सोडली नाही. सहकाऱ्यांबरोबर आध्यात्मिक साधनेचे दिवसही पाळले. त्यांच्या श्रद्धेत उणे होते, असे तीनशे वर्षांत कोणी म्हटलेले आम्ही ऐकलेले नाही.

येथे रुग्णाभ्यंगाच्या साक्रामेंताविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते, कारण आपल्या अनेक घरांत अजूनही त्याविषयी भीती आहे. फादर तेल घेऊन आले म्हणजे माणूस जाणार, असा समज जुनी मंडळी बाळगतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले आहे की हे साक्रामेंत केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही. गंभीर आजारातून बरा झालेला माणूस पुन्हा गंभीर आजारी पडला, किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक खालावली, तर ते पुन्हा देता येते, अशी ख्रिस्तसभेच्या कायद्यात तरतूद आहे. दुखणे परत येते, हे ख्रिस्तसभेने ओळखलेले आहे. त्याचबरोबर रक्ताची तपासणी आणि गोळ्या यांना प्रार्थनेचा पर्याय नसतो, हेही भाविकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. सिकलसेलच्या रुग्णाने औषध थांबवून नवस बोलणे यात श्रद्धा नाही.

१६ जानेवारी १७११ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, जोसेफ वाझ यांनी कँडी येथे देह ठेवला. तेथील चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. पुढे ते चर्च नष्ट झाले आणि त्यांच्या कबरेची नेमकी जागाही विस्मृतीत गेली. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले व १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोतच त्यांना संतपद बहाल केले. १६ जानेवारी हा त्यांचा सण आहे.

कबर नसल्यामुळे भाविक सांकवाळला जातात. तेथे त्यांच्या वडिलांच्या गावी येशूसंघीयांनी १६०६ साली बांधलेले चर्च होते. १८३४ मध्ये ते आगीत जळाले आणि आता त्याचा फक्त दर्शनी भाग उघड्या आकाशाखाली उभा आहे. ते चर्च आरोग्यमातेचे होते.