खिशातल्या 'गाईड'चा जनक: डग्लस अॅडम्स

हातात मावणारं, काहीही विचारलं तरी उत्तर देणारं यंत्र डग्लस अॅडम्सने १९७८ मध्येच बीबीसी रेडिओवर आणलं होतं! कथेत अंतराळातल्या हायवेसाठी पृथ्वीच पाडतात आणि एक साधा इंग्रज ते यंत्र घेऊन आकाशगंगेत भटकतो.

१९५२ साली केंब्रिजला जन्मलेला अॅडम्स लिहायचा भन्नाट, पण डेडलाईन पाळणं जमायचं नाही. चौथ्या पुस्तकासाठी संपादक सॉनी मेहतांनी त्याला हॉटेलात बसवून लिहून घेतलं. (आमचा मॅनेजर हे वाचू नये!)

२००१ मध्ये, ४९व्या वर्षी, हार्ट अटॅकने तो गेला. आयफोन आला २००७ मध्ये.

'द हिचहायकर्स गाईड टू द गॅलॅक्सी'पासून सुरुवात करा. ते मध्येच संपल्यासारखं वाटतं, म्हणून दुसरं हाताशी ठेवा. पाचवं मात्र उदास आहे, मी दोनदा अर्धवट सोडलंय.